सात वाजताचं इंजिन

४ नोव्हेंबर
जीप भनपुरीच्या गॅरेजहून परत आली. डिझेल पंपाची गळती थांबली आहे. पण गाडी कॉलनीच्या वळणावर होती तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय. पत्र्यावर हातोडी मारावी तसा ठोका आणि मागे काळा धूर. ह्यांनी खाटेवरून मान उचलली, मिनिटभर ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.
पक्षाघाताला आठ आठवडे झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरलाय, 'हो'. पाणी हवं, हो. पाणी नको, तरी हो.

५ नोव्हेंबर
आजच लिहून ठेवते, नाहीतर पुढे मीच नाकबूल करीन.
परवा गॅरेजवर मी उभी होते. सोनवानी मिस्त्री पंपाची वेळ, म्हणजे डिझेल कधी पडायचं ते, कानाने लावत होता. पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला. मी म्हटलं, "अंदाज नको. फ्लायव्हीलवर निशाण आहे. किताबात आहे. त्यावर लाव."
तो म्हणाला, "दीदी, इंजन दूसरी गाड़ी का है. भैया तो सुनके लगाते थे." भैया म्हणजे हे.
"निशाण म्हणजे निशाण."
तीस वर्षं भूमिती शिकवली. त्याने गुपचूप निशाणावर लावलं. ठोका तेव्हापासून.

९ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत येतं, पण पेशंटला उठावंसं वाटलं पाहिजे. व्यायाम करून घेणारी मुलगी रोज तेच सांगते. "आंटी, अंकल कोशिश ही नहीं करते."
दवाखान्यातून घरी आल्यावर एकदाच केली होती. ऑक्टोबरात बॅटरी उतरू नये म्हणून मी जीप चालू केली, पंप गळायच्या आधी. आत आले तर हे खाटेच्या काठावर बसलेले. पाय खाली, डावा हात खाटेच्या पट्टीवर. कोणी उठवलं नव्हतं. नोकरीत असताना आणि नंतरही रोज सकाळी सातला ते जीप चालू करून पाच मिनिटं ऐकत उभे राहायचे. मी चिडायची, धूर स्वयंपाकघरात येतो म्हणून.
तो आवाज परत आणायचा. माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

१२ नोव्हेंबर
सो. मिस्त्रीला फोन. "अब आप ही लगा लो दीदी, निशान तो आपको दिखता है."
ऐकून घेतलं. मग म्हटलं, "ठीक आहे, मीच लावते. शिकव."
तो म्हणाला, "हव. इतवार को आऊंगा."

१६ नोव्हेंबर
आला. तीन नट ढिले करायचे. पंप इंजिनाकडे सरकवला की ठिणगी... ठिणगी नाही, डिझेलला ठिणगी नसते, हे त्याने मला दोनदा सांगितलं. इंजिनाकडे सरकवला की डिझेल लवकर पडतं, ठोका वाढतो. बाहेर ओढला की उशिरा पडतं, ठोका कमी, पण पांढरा धूर आणि गाडी चढ घेत नाही. मधे कुठेतरी खरी जागा. रेघभर इकडे, रेघभर तिकडे.
"कोणती रेघ?"
"वो तो भैया जानते हैं."
खोलीत हे जागे होते. खिडकी उघडी ठेवली होती. प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडाकडे बघून आले. काही नाही.
पेचकस कानाला लावून मी पण ऐकलं. नुसता गोंगाट. वर्गात मागच्या बाकावरची पोट्टी माझ्याकडे बघायची तशी मी सोनवानीकडे बघत होते. "सुनाई दिया?" म्हणाला. मी 'हव' म्हटलं. खोटं.

२० नोव्हेंबर
एकटीने केलं. बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. रोज वहीत लिहिते. आज कालच्यापेक्षा बरा वाटला, आणि हे परवाही लिहिलेलं आहे.
ह्यांनी डाव्या हाताची बोटं माझ्यापुढे धरली, नखं वर. वाढली होती. कापली. पुन्हा धरली. म्हटलं, "झाली ना आता. काहून लहान पोरासारखं?" "हो," म्हणाले आणि हात खाली घेतला.

२८ नोव्हेंबर
पुन्हा नखं. हात माझ्या नाकासमोर. मी कंटाळले होते, डिझेलचा वास बेसनानेही जात नाही, कंबर धरली आहे. नेलकटर आणलं आणि अंगठ्याचं नख जिव्हाळीपर्यंत कापलं. रक्त आलं.
ओरडले नाहीत. अंगठा वर धरून त्या थेंबाकडे बघत राहिले आणि "हो, हो, हो". डोळे मोठे. मला तो थेंब दाखवत होते. मला वाटलं, बघ काय केलंस म्हणताहेत. कापूस लावला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.
चाळीस वर्षांचा संसार आणि नखं कापता येत नाहीत.

७ डिसेंबर
नीताचा पुण्याहून फोन. पोरीला मराठी सगळं समजतं, बोलते हिंदी. "मम्मी, गाड़ी बेच दो. पापा चला पाएंगे क्या?" म्हटलं, चालवायला नाही ठेवली. "तो फिर?" मी विषय बदलला. ती रिसीव्हर ह्यांच्या कानाशी धरायला सांगते. ह्यांनी 'हो' म्हटलं. ती रडली. मग हे.
व्यायामवाली मुलगी आता रोजच्या ऐवजी एक दिवसाआड येते. तिची चूक नाही.

१४ डिसेंबर
पट्टा सैल वाटला म्हणून इंजिनच्या पुढची पुली डिझेलच्या चिंधीने पुसत होते. ग्रीसच्या थराखाली लाल काहीतरी. गंज वाटला. नखाने खरवडलं, निघेना. चकचकीत लाल. आणखी पुसलं. पुलीला लागून जे झाकण आहे त्याच्यावर तसाच दुसरा ठिपका.
नेलपॉलिश.
दोन वर्षांपूर्वी, जुनं पेट्रोल इंजिन काढून हे डिझेलचं बसवलं त्याच दिवाळीत नीताची नेलपॉलिशची बाटली हरवली होती. घरात दोन दिवस कटकट. मी भांडीवालीवर संशय घेतला होता. ती गेली ती पुन्हा आली नाही.
नखं. अंगठ्यावरचं रक्त. अहो.
खोलीत गेले. त्यांचा अंगठा हातात धरून म्हटलं, "नीताची नेलपॉलिश?" "हो." हा हो कोणता, हे कसं कळणार. पण त्यांनी माझा हात सोडला नाही.

१५ डिसेंबर
सकाळी सो. मिस्त्रीला बोलावलं. ठिपके म्हणजे ह्यांची निशाणं. ठिपक्यासमोर ठिपका येईपर्यंत इंजिन हाताने फिरवलं. त्या क्षणी पंपाच्या पहिल्या नळीच्या तोंडाशी डिझेल हललं पाहिजे. आपलं कधीच हलून गेलं होतं. ठिपके जुळले तेव्हा फ्लायव्हीलचं, म्हणजे इंजिनमागच्या चाकाचं निशाण आपल्या जागेपासून चांगलं चार बोटं दूर.
"फ्लाईव्हील पुरानी पेट्रोल इंजन की है ना दीदी. गियर बक्से में वही बैठती थी. वो निशान मरे हुए इंजन का है."
"आधी काहून नाही सांगितलं?"
"बताया था. आपने कहा, निशान मतलब निशान."
बरोबर. सांगितलं होतं. मेलेल्या इंजिनाच्या निशाणावर दीड महिना.
नट मी कसले. किल्ली मी फिरवली. अर्ध्या फेऱ्यात चालू. ठोका गेला. धूर नाही. सोनवानीने पेचकस माझ्या हातात दिला, कानाला लावला, आणि या वेळी खरंच ऐकू आलं, चार ठोके, एकामागे एक, सारख्या अंतराने. सो. हसला. "मैडम जी पास."
धावत आत गेले.
हे जागे होते. छताकडे बघत होते. ऐकत होते, नक्की ऐकत होते. उठले नाहीत.

१६ डिसेंबर
सातला चालू केलं. पाच मिनिटं. उठले नाहीत.

१७ डि.
नाही.

२३ डि.
नाही. आवाज ठीक. थंडी वाढली तरी लगेच चालू होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुमची गाडी आता घड्याळासारखी वाजते. बरं म्हटलं.
मी आवाज परत आणला की ते उठतील, असं कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. डॉक्टरांनी नाही, सो.ने नाही. मीच मांडलं, मीच बरोबरची खूण केली. ऑक्टोबरात ते दुसऱ्याच कशासाठी उठले असतील. मोरीकडे जायचं असेल.

१ जानेवारी
नीता आली, चार दिवस राहून गेली. नेलपॉलिशची गोष्ट ऐकून आधी हसली, मग बापाशेजारी बसून त्याच्या सगळ्या नखांवर फुंकर घातली. तिला बाटली परत मागायची आहे म्हणे. ह्यांचा डावा गाल हलला.
भांडीवालीच्या पाऱ्यात, तिच्या वस्तीत, जाऊन आले. खोली बदलली, कुठे गेली माहीत नाही.

५ जाने.
डॉक्टर. सुधारणा जेवढी व्हायची तेवढी झाली असावी. 'असावी' म्हणाले. मी तो शब्द रिक्षात पुन्हा पुन्हा उलटून पाहिला.

९ जाने.
सातला चालू केलं. सवय म्हणून. दूध तापत होतं, पाच मिनिटांनी इंजिन बंद करायचं विसरले. खोलीतून खाटेची पट्टी घासल्याचा आवाज.
दारात गेले. पाय खाली आले होते, एक टेकलेला, एक नुसता लोंबता. डावा हात पट्टीवर, अंग थरथरत होतं. तिरके होते, पडतील असे. व्यायामवालीने बजावलंय, आधार द्यायचा नाही, मागितल्याशिवाय. मी चौकट धरून उभी. हात चालवायची सवय असलेल्या बाईने हात कुठे ठेवायचे?
बसले. शेवटी बसले. तोंड खिडकीकडे, कपाळाला आठी. कान तिकडे.
मग पट्टीवरचा हात सुटला. मला वाटलं पडले. पण अंगठा आणि बोट जवळ आणून मला दाखवलं. रेघभर.
"पंप सरकवू?"
"हो."
"इंजिनाकडे?"
"हो."
"की बाहेर?"
"हो."
ठिपक्यासमोर ठिपका आहे. माझ्या कानाला काही कमी वाटत नाही. पण कान माझा नाही, त्यांचा.
इंजिन बंद केलं. पाना घेतला. तीन नट ढिले केले. आधी बाहेर ओढून बघते. नसेल तर आत. बोनेटमागून खिडकी दिसते, ते अजून बसलेले आहेत की आडवे झाले ते दिसलं असतं. मान वर केली नाही.