येतो हां

३ नोव्हेंबर, सोमवार

रत्नागिरीत पोचलो एकदाचा! स्टेशनवरच्या रिक्षावाल्याने आरशात बघून मला ओळखलं आणि गाडी सरळ रस्त्याच्या कडेला घेतली. मला वाटलं इंजिन बसलं. पण त्याला माझ्या तोंडून ‘ते’ ऐकायचं होतं. मग मी भर उन्हात खाली उतरलो, रिक्षाच्या दांडीवर तळहात टेकला, मान वळवली आणि बापूच्या आवाजात म्हणालो, “येतो हां!” गडी इतका खूश झाला की घर येईपर्यंत मागे बघून हसत होता. रस्त्याकडे त्याने किती पाहिलं ते देव जाणे.

‘बापू सुधारला’ या आमच्या मालिकेचं दुसरं पर्व संपलंय, तिसऱ्याचं चित्रीकरण जानेवारीत. तोवर समुद्रकाठी लोळायचं, मासे हाणायचे, संवाद पाठ करायचे आणि ही रोजनिशी लिहायची. लिहिताना माझे ओठ हलतात. शब्द मोठ्याने म्हटल्याशिवाय कागदावर उतरतच नाही. नाटकवाल्यांची खोड, दुसरं काय.

घर मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे ऐसपैस पडवी. मालकीण खुर्शीदचाची मागच्या घरात राहतात, नवरा कतारला असतो. आल्या आल्या त्यांनी सांदणं आणि मटणाचा रस्सा पाठवला. पोट इतकं तट्ट झालंय की पुढचं उद्या.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी बंदरावर गेलो. मासे घ्यायचे राहिले बाजूला, लोकांनी मलाच घेरलं. प्रत्येकाला ‘येतो हां’ हवं. सुरमई कापणाऱ्या बाईने तर कोयता ठेवून हात जोडले.

लोकांना बापू इतका का आवडतो? अर्धं आयुष्य लोकांना टोप्या घालणारा हा माणूस आता पोलिसांना दुसरे ठक पकडून देतो. बघणाऱ्याला चोरीची मजाही मिळते आणि चोर सुधारल्याचं पुण्यही. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आणि ‘येतो हां’ म्हणजे तर त्याचा हुकमी एक्का. आपल्याकडे घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि घरचं माणूस म्हणतं ‘ये’. बापू एखाद्या घराला पुरतं बुडवतो, चौकटीवर हात टेकून गोड हसतो आणि ‘येतो हां’ म्हणून निघतो. हा कधी येणार नाही हे फक्त बघणाऱ्याला माहीत असतं. तिथे हमखास हशा.

खुर्शीदचाचींना मात्र बापू आवडत नाही. मी पोरगा चांगला आहे असं आधी सांगून त्या म्हणाल्या, की ज्यांना तो फसवतो ती माणसं परत कधी दिसतच नाहीत. दार बंद झाल्यावर ती काय करतात, ते दाखवा की एकदा. मी हसलो. म्हटलं, तेवढा वेळ कुठे असतो, मध्ये जाहिराती असतात. चाची हसल्या नाहीत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे केलं ते बरं केलं की वाईट, कळत नाही.

शेजारच्या घरात मनिषा राहते. बालवाडीत शिकवते, मासेमारी करणाऱ्या खारव्याची पोर. तिची आजी मथुरा, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. ही म्हातारी रोज आमच्या मालिकेला टीव्हीला कान लावून बसते. एकदा भेटून जा म्हणून मनिषा मागे लागली होती. गेलो. मनात म्हटलं, आणखी एक भक्त.

मी नमस्कार म्हणताच म्हातारीने माझा हात धरला. “आलास? लय येळ लावलास मेल्या.” मी नट आहे, हे मनिषाने समजावून सांगितलं, पण व्यर्थ. म्हातारीला माझा आवाज पुरे होता.

मग तिनेच सगळं सांगितलं. खूप वर्षांपूर्वी एक गोडबोल्या माणूस या ओटीवर बसून जेवला होता. तुमच्या खंडूला परदेशी बोटीवर लावतो म्हणाला. खंडू म्हणजे तिचा धाकटा, मनिषाचा काका. दुसऱ्याच दिवशी दोघे निघाले. खंडू पिशवी छातीशी धरून पुढे पळाला आणि वळणावरून ओरडला, “आई, जातो!” पाहुण्याच्या गोड बोलण्यात ती इतकी गुंगली होती, की पोराला मागे बोलवून ‘येतो’ म्हणायला लावायचं राहून गेलं. पाहुणा तेवढा चौकटीला हात लावून म्हणाला, “येतो हां, काकी.” पुढे बातमी आली ती एवढीच, की तशी कुठली बोटच नव्हती. ना पोरगा आला, ना तो.

“त्याच्या तोंडून जातो निघाला नि मी हसत ऱ्हायले,” म्हातारी म्हणाली. मग माझ्याकडे तोंड करून विचारलं, “खंडू कुठं हाय?”

मी नाही म्हणायला हवं होतं. पण समोर तो चेहरा, श्वास रोखून वाट बघणारा. असा प्रेक्षक समोर असला की मला गप्प बसवत नाही. मी बापूच्या आवाजात म्हणालो, “बरा आहे. माझ्याबरोबर आलाय. आधी माझ्याकडे उतरेल, मग इकडे. येतो म्हणालाय.”

म्हातारी हसली. दात नसलेल्या तोंडाने, लहान पोरीसारखी हसली. खरं सांगतो, इतकी दाद मला कुठल्याही प्रयोगात मिळालेली नाही. त्याचीच आता लाज वाटते आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

मनिषाकडे मी कबूल केलं की चूक झाली, आजीला खरं सांगून टाकतो. तर ती उलट हात जोडून नको म्हणाली. आजी कित्येक वर्षांनी पोटभर जेवली म्हणे, रात्री गाणं गुणगुणत होती. मीही लगेच मानलं. मानायला कारणच हवं होतं.

दुपारी त्यांच्याकडून दोन ताटं आली. एक माझं, एक खंडूचं. खंडूच्या ताटात बांगड्याचं तिखलं, मीठ बेताचं. मी दोन्ही जेवलो. म्हातारीने हाताने रांधलेलं टाकायचं कसं? जेवताना घशाखाली उतरत होतं, हेच वाईट.

संध्याकाळी पुन्हा तिच्याकडे बसलो. पहिल्या पर्वाच्या वेळी एका जुन्या फौजदाराने मला शिकवलं होतं, की ठकाला काही माहीत असावं लागत नाही. समोरचं माणूसच सगळं सांगत असतं, आपण तेच थोड्या वेळाने परत द्यायचं. म्हातारी म्हणाली, खंडू डावखुरा, त्यावरून बापाचा मार खायचा. थोड्या वेळाने मी म्हणालो, अजून डाव्या हातानेच जेवतो बघा. ती रडली. माझं कसब किती सफाईने चाललं! उठून आलो तेव्हा मला स्वतःची शिसारी आली होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दोन ताटं रोजची झाली आहेत. आज म्हातारी सांगत होती की खंडू भारी लाजाळू. कुणाकडे गेला की उंबऱ्यापाशी उभा राहायचा. “ये बोलल्याबिगर आत पाय नाय टाकायचा माझा पोर. तू बोल हां त्याला.” मी हो म्हणालो. आता मी सगळ्यालाच हो म्हणतो.

परत येताना बंदराच्या बाजूने ‘येतो हां’ ऐकू आलं. माझाच आवाज. दुपारी मालिका पुन्हा दाखवतात, कुणाच्या तरी घरी लागली असेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळपासून वीज नाही. सगळ्या वाडीत कुठेही नाही.

तरी दुपारी तो आवाज ऐकू आला. बंदरावरून नाही, विहिरीपाशी. आवाज माझाच, पण म्हणण्याची ढब बापूची नाही. अडखळत, अक्षर अक्षर जुळवत. नवा नट पाठांतर करतो तसं. ये... तो... हां.

विहिरीपाशी जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. चाचींना विचारलं तर त्यांनीही ऐकलं होतं. त्यांना वाटलं मीच सराव करतोय. मग त्यांनी मला शेजारी काय नाटक चालवलंयस ते सरळ विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, पोराने जो शब्द दिला नव्हता, तो तू त्याच्या नावाने देऊन बसलास. आता जाऊन परत घे. म्हातारीला खरं सांग.

सांगणार आहे. उद्या नक्की.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं नाही. उलट आज खंडूचं ताट जेववेना, म्हणून पडवीत नेऊन ठेवलं. म्हटलं, मांजरं खातील.

दुपारी पाहिलं तर भात साफ. बांगड्याचे काटे मात्र एकावर एक नीट रचून ठेवलेले. ताटाच्या उजव्या कडेला. मी जेवलो तेव्हा माझे डावीकडे पडले होते, मुद्दाम आठवून पाहिलं.

मांजर काटे ठेवत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज गेलो. खरंच सांगायला गेलो होतो. म्हातारीने ट्रंकेतून खंडूचा सदरा काढून उन्हात घातला होता, त्याला डांबरगोळ्यांचा वास. मला म्हणाली, आता त्याला लहान व्हायचा नाही ना? मनिषा दारात उभी राहून मान हलवत होती. नको, नको.

मी तोंड उघडलं. आणि बापू बोलला. “उद्या घेऊन येतो त्याला, काकी.”

मी नव्हतो म्हणालो. म्हणजे मीच. माझंच तोंड. हात चौकटीवर टेकलेला होता, तो मी कधी टेकला?

“ये,” म्हातारी म्हणाली. “दोघेव या.”

हलकट माणूस आहे मी. बापूला निदान पैसे तरी मिळत होते. मला काय हवं होतं? तिचं हसणं. फक्त तेवढ्यासाठी.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळ

बॅग भरली. मुंबईची गाडी दुपारची. बापूचा तो शब्द आता लिहीत नाही, म्हणत नाही. दोन्ही नाही. निघताना चाचींना नुसते हात जोडायचे.

दार उघडलं —

पडवीत कुणीतरी उभं आहे. पाठमोरं. समुद्राकडे तोंड.

दुपार

गाडी गेली असेल.

तो वळला. पोरगाच आहे. पिशवी छातीशी धरलीय, तिच्यातून पाणी गळतंय. पडवी सगळी ओली. भर उन्हात. तोंड नीट बघवत नाही — माशांनी — नाही लिहीत.

आत नाही आला. उंबऱ्याच्या बाहेर उभा आहे. लाजाळू. बोलावल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही.

माझ्याकडे रागाने बघत नाही. तेच सहन होत नाही. भरवशाने बघतोय. ज्याच्याबरोबर निघाला होता त्या दादाकडे बघावं तसं. आता घरी नेणार ना, असं.

माझ्या आवाजात म्हणतोय. ती दोन अक्षरं. त्या दिवशी म्हणायची राहिली होती. माझ्याकडून शिकला. आता बिनचूक म्हणतो.

नंतर

दार उघडंच आहे. लावायचं तर उंबऱ्यापर्यंत जावं लागेल.

मागच्या दाराने पळू शकतो. पण मग तो तिच्या दारात जाईल — ती वाट बघतेय, सदरा घेऊन — ती एका दमात आत बोलवेल, आनंदाने बोलवेल — आणि मग हे तिच्या घरात — तिला दिसणार नाही, ती हात लावून बघेल. तोंडाला हात लावेल —

नाही. तिच्याकडे हा जाता कामा नये.

शेजारून हाक मारतेय. खंडू, आलास का रे?

त्याने मान वळवली. तिकडे. एक पाऊल —

“थांब,” म्हणालो. थांबला. ऐकतो माझं! दादाचं ऐकतो.

लिहीत राहतो, लिहिलं की तोंड माझं राहतं, बापूचं नाही. सांगतो आता याला. खरं तेच, साधं. खंडू, मी तो नाही. मी खोटं बोललो. तुझ्या आईला तू हवास, आणि मी तिला तू दिलास — दिला — नुसता तोंडाने. मला माफ कर. इथेच उभा राहा. तिला कळलंच पाहिजे, आज, आत्ता. तू हलू नकोस, खंडू, मी आधी तिला खरं काय ते सांगून ये—