तार माझ्या हातात

पोलादपूर, शनिवार, फेब्रुवारी १९८३

डोकं फिरलंय माझं. रेडिओवरच्या जुन्या रॉक गाण्यांच्या त्या अर्ध्या तासाची मी आठवडाभर वाट बघत होतो, आणि ऐकला कोणी? आमच्या टोळक्यातल्या बाकीच्या सगळ्यांनी!

चहूबाजूंनी डोंगर, त्यामुळे ते परदेशी स्टेशन आमच्याकडे धड लागत नाही. सुऱ्याच्या ओट्यावर रेडिओ, आणि त्याला जोडलेली तांब्याची तार अंगणाच्या टोकाला फणसावर. आज नुसती खरखर. मी फणसावर चढून तार हातात धरली मात्र, आवाज एकदम खणखणीत. सोडली की परत खरखर.

"हलू नको रे, मस्त लागलाय!" सुऱ्या खालून ओरडला.

आणि नेमकं माझं गाणं लागलं. दिवाळीत मुंबईला मामेभावाकडे एकदाच ऐकलेलं. त्यातला गिटारचा तो लांबलचक तुकडा तेव्हापासून डोक्यातून जात नाही. पण एवढ्या लांब फणसावर धड काय ऐकू येणार, कपाळ? खाली चौघं मांड्या बडवतायत, दिल्या डोळे मिटून मान हलवतोय. राहवेना. तार सोडून खाली उतरायला लागलो, तर लगेच खरखर, आणि चौघांच्या शिव्या. पुन्हा धरली. का धरली मी?

मुंग्या चावल्या त्या वेगळ्याच.

गाणं संपल्यावर उतरलो. दिल्याने पाठीवर थाप मारली. "एवढा साफ कधीच लागला नाय. काय गिटार वाजवलीय रे!"

पुढच्या शनिवारी तार कोणी धरायची, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.