अम्मींच्या दुआतली दोन माणसं

नुसरतआपा,
सलाम.

इम्तियाजला दफन करून तीन महिने झाले. दोह्याहून दर शुक्रवारी तुमचा फोन येतो, पण फक्त अम्मींना. "माझ्या भावाला तू अर्धाच मातीत पाठवलास," असं तुम्ही मला म्हणालात, ते आपलं शेवटचं बोलणं.

ठाण्याच्या हॉस्पिटलात मेंदू मृत झाल्याचं सांगून डॉक्टरांनी किडन्यांबद्दल विचारलं, तेव्हा मीच नको म्हणाले होते. अम्मींनी दोन मौलानांना फोन केला. एक म्हणाले, शरीर अल्लाहची अमानत, हात लावू देऊ नका. दुसरे म्हणाले, कुणाचा जीव वाचत असेल आणि विक्री नसेल तर जायज आहे. कल्याणात तीस वर्षं मोहल्ल्यातल्या बायकांच्या मय्यतीला गुसल देणाऱ्या अम्मी मग माझ्याजवळ येऊन बसल्या.

"किती जणींना शेवटची आंघोळ घातली गो मी. सोबत काय जातं ते मला ठाऊक आहे. कर सही."

मी सही केली.

"नुसरतला माझं नाव सांगू नको," त्या नंतर म्हणाल्या. "ती माझ्याशी बोलायची नाही."

हल्ली पहाटेच्या नमाजनंतर त्या सगळ्यांची नावं घेऊन दुआ मागतात. तुमचं नाव पहिलं. शेवटी म्हणतात, "आणि ते दोघं, ज्यांची नावं मला माहीत नाहीत." काल मला विचारत होत्या, "पाणी नीट पीत असतील ना गो ते?" आम्ही दोघी कितीतरी दिवसांनी हसलो.

हे पत्र मी कपाटात ठेवणार आहे. तुमचा राग माझ्यापाशीच बरा आहे. अम्मींचा शुक्रवारचा फोन तेवढा चुकवू नका.

तुमची भावजय,
मेहरून