हात न लावता घेतलेली गाडी

आई, मी मोटरसायकल घेतलीय. अंगणात पेरूच्या झाडाखाली उभी आहे, आणि मी ओटीवर बसून तिच्याकडे असा बघतोय, जणू कुणी नवा बैल आणून बांधलाय आणि तो मारका आहे की गरीब ते सांगायला विसरलाय. तू घाबरू नयेस म्हणून हे लिहीत नाहीये. मी घाबरलोय म्हणून लिहितोय. डोक्यावरचे निम्मे केस गेल्यावर माणसं पोरांना गाड्या घेऊन देतात, आणि मी माझी पहिली घेतोय. तू बघितला होतास त्यापेक्षा तुझा मुलगा बराच वाढलाय, आणि उंचीने नाही. काट्यावरचा आकडा तुला सांगणार नाही. डॉक्टरांनाही मी तो हळू आवाजात सांगतो. लोकलच्या स्टेशनावर वजनकाट्यासमोरून जाताना अजून मान दुसरीकडे वळवतो, जशी शाळेत वळवायचो.

तू होतीस तेव्हाच मी माथेरानला त्या हॉटेलच्या भटारखान्यात कामाला लागलो होतो. तू गेल्यावरही तिथेच राहिलो, सुट्टीला तेवढा दहिवलीला घरी यायचो. लोक म्हणायचे, डोंगराची हवा मानवली याला. हवा कसली डोंबलाची! आख्ख्या तालुक्यात ‘गाडी चालवतोस का’ असं कुणी विचारत नाही अशी ती एकच जागा आहे. वर घोडे, हातरिक्षा आणि आपले पाय. तिथे मी नुसता जाडा होतो, गाडी न येणारा जाडा नव्हतो. पण यंदा मालकाने हॉटेल विकलं, नवीन माणसांनी आपले आचारी आणले, आणि मी खाली आलो. काम मिळालं ते शिळफाट्याच्या पुढे, खालापूरकडच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये. पहिल्या पाळीचा नाश्ता उजाडायच्या आत तयार लागतो, आणि त्या वेळेला दहिवलीहून तिथे पोचवेल असं काहीही मिळत नाही. कँटीनचा माणूस सरळच बोलला, “स्वतःची गाडी असंल तर सोमवारपास्नं या. नसंल तर मला दुसरा आचारी बघावा लागंल.” इतके महिने तुझी सून एकटी शिलाईच्या मशीनवर घर ओढतेय. रात्री तिची पाठ दुखते आणि ती माझ्याकडे पाठ करूनच बाम लावते, मला दिसू नये म्हणून. तेव्हा नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं? हो म्हणालो. गाडी येत नाही, हे त्याला सांगितलं नाही.

आणि तुझी शप्पथ आहे, हे तर त्याला मुळीच सांगितलं नाही.

तो दिवस तुला आठवत असेल. मामाच्या थोरल्याने, दादाने, नवी कोरी गाडी आणली होती, सगळ्या आळीतली पोरं एकेक चक्कर मारत होती. मी भिंतीला टेकून उभा होतो, आपला नंबर येऊ नये म्हणून. आला. बसलो तर मागचे शॉकअप खाली बसले आणि कुणीतरी ओरडलं, “आयला, ह्यो एकटाच डबलशीट!” सगळे हसले, मीही हसलो, काय करणार. मग क्लच सोडला तो एकदमच सोडला. गाडीने उडी मारली, पेंढ्याच्या उडव्यात घुसली आणि माझ्या अंगावर आडवी झाली. पोटरीला सायलेन्सर लागला. मला गाडी उचलता येईना आणि मला कुणी उचलीना, कारण सगळे पोट धरून हसत होते. दादा म्हणतो, “परत बस! परत बस! ह्या वारीला पडत नाय तू!” मी नाही म्हणतोय, ते मला धरून परत बसवतायत, आणि तेवढ्यात तू दारात आलीस, पिठाच्या हातांनी. तुझा आवाज असा कधी ऐकला नव्हता. “माझ्या गळ्याची शप्पथ हाय तुला. परत गाडीला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील.” आईच्या गळ्याच्या शपथेपुढे कोण काय बोलणार? दादाने मुकाट्याने गाडी उचलली. मी आत गेलो, तू पोटरीला तूप लावलंस, आणि त्यावर आपण दोघं पुन्हा एक शब्द बोललो नाही.

मी ती पाळली, आई. पोरं लहानपणी एकमेकांना शप्पथ घालायची आणि मग मागे लागायची, “सुटली म्हण, सुटली म्हण”, कारण ज्याने घातली त्यानेच ‘सुटली’ म्हटल्याशिवाय ती गळ्यातून उतरत नाही. तू कधी म्हणाली नाहीस आणि मी कधी मागितलं नाही. कुणाच्या मागे बसायची वेळ आली तर आधी मनात तुझ्याशी वाद घालायचो, की बसणं म्हणजे हात लावणं नव्हे, आणि मग हात मांडीवर ठेवून बसायचो, खड्ड्यात आदळलो तरी. तू दवाखान्यात होतीस तेव्हा दोन दिवस तुझ्या उशाशी होतो. तू मला विचारलंस, जेवलास का, हॉटेलात रजा दिली का, मावशीला कळवलं का. मी सगळ्याची उत्तरं दिली. तिसऱ्या दिवशी तुझं तोंड बघितलं. मी कुठल्याही गाडीला हात लावलेला नव्हता आणि तरी बघितलं. तेव्हा मला देवाचा नाही, तुझा राग आला होता. ठरलं होतं ना आपलं?

तर अशी शप्पथ गळ्यात घेऊन मी शोरूममध्ये गेलो, बायकोला बरोबर घेऊन. विकणारा पोरगेला होता, फार गोड बोलणारा. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, “सरांची पर्सनॅलिटी चांगली आहे, सरांना भारीतलीच गाडी शोभेल.” पर्सनॅलिटी! तुझी सून पदर तोंडाला लावून हसली. पहिल्यांदा त्याने हलकी गाडी दाखवली, सगळे नोकरीवाले घेतात ती. मी बसलो तर गुडघे हँडलला लागले, शॉकअप त्या दिवसासारखेच खाली गेले, आणि समोरच्या काचेत बघितलं तर गाडी दिसतच नव्हती, नुसता मी हवेत बसलेला. मग उंच गाडी. तिच्यावर पाय जेमतेम चवड्यांवर टेकले आणि मी लगेच खाली उतरलो. मग ती मोठी, फटफट आवाजाची. तिच्यावर मी नीट दिसलो, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदाच कशावर तरी नीट दिसलो. पण ती अंगठ्याएवढी कलली आणि मला कळलं की ही जर पडली तर मला आणि तिला दोघांनाही उचलायला क्रेनच लागेल. हलकी घ्यावी तर माझं वजन तिला झेपत नाही, भारी घ्यावी तर तिचं मला. नवशिक्याने हलकी घ्यावी म्हणतात, जाड्याने भारी घ्यावी म्हणतात. नवशिका जाडा असेल तर त्याने काय घ्यावं, हे कुणी सांगत नाही.

आणि हे सगळं मी हात खिशात घालून करत होतो. खरंच. प्रत्येक गाडी बायको आणि तो धरून उभे राहायचे आणि मी पँटच्या खिशात हात कोंबून वर बसायचो. तो म्हणाला, “सर, हँडल पकडून बघा ना, ग्रिप कळेल.” मी म्हटलं, “नको, असंच कळतंय.” “ब्रेक तरी दाबून बघा.” “तुम्हीच दाबा, मी बघतो.” शेवटी तो बायकोला हळूच म्हणाला, “सरांच्या हाताला काही लागलंय का?” ती म्हणाली, “गळ्याला लागलंय.” बिचाऱ्याला काय कळणार. शेवटी मधल्या वजनाची घेतली. सीट खाली आहे, दोन्ही पाय पूर्ण टेकतात, मागचं टायर रुंद आहे, शॉकअप कडक करता येतात आणि त्याने शेवटच्या खाचेपर्यंत कडक करून दिले. मी विचारलं, मागे ही बसली तर? त्याने आम्हा दोघांकडे बघितलं, जरा विचार केला, आणि म्हणाला, “हळू चालवा, सर.”

मेव्हण्याने गाडी घरी आणून लावली. पूजेला मावशी आली, तुझी धाकटी बहीण, खालापूरहून नारळ घेऊन. तिने हळदीकुंकू लावलं, हार घातला, लिंबं चाकाखाली ठेवली, आणि म्हणाली, “मालक ना तू? लाव की कुकू. हात मागं बांधून काय हुबा ऱ्हायलायस?” तेव्हा मला सांगावं लागलं. मला वाटलं ती गंभीर होईल. ती पायरीवर बसली आणि हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग म्हणाली, “अरं येड्या, ती काय गाडीला भ्याली न्हवती. त्या दिवशी मी आतच व्हते, भाकऱ्या करीत. ती खिडकीतनं बघत व्हती. मला म्हनली, पोरगं रडाया आलंय, आता समद्यांम्होरं रडंल, आन जन्मभर ती पोरं त्याला सोडनार नायत. त्याला उतराया कायतरी कारान द्याया पायजे. ते द्याया गेली ती भाईर.” मी पायरीवर तिच्याशेजारी बसलो. मावशी म्हणाली, “मला सांगून ठेवलंय तिनं, त्यानं मागितली तर सोड, न मागता सोडू नको. इतकी वर्सं वाट बघत्ये मी. सोडू?”

आई, मी ‘थांब’ म्हणालो.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण झाला नाही. शप्पथ होती तोवर शिळफाट्याला वळणारे ते लांबच लांब कंटेनर माझे नव्हते, पळसदरीच्या पुढचा काळोख माझा नव्हता, उतारावर माझ्या वजनाला ब्रेक पुरेल की नाही हा प्रश्न माझा नव्हता. सगळ्यांना एकच सांगायचो, आईची शप्पथ आहे. आता ती सुटली तर खाली उरतं काय, तर एक मोठा माणूस ज्याला भीती वाटते. मावशी म्हणाली, “बरं, ऱ्हाऊ दे. सोमवारच्या आत सांग. मी हाय हितंच.” आणि राहिली. बायको मशीनवर बसली आणि अख्खी दुपार मशीन चालत राहिलं.

काल संध्याकाळी मी बाहेर आलो आणि हात लावला. शप्पथ तशीच असताना. का, ते विचारू नको, मशीनचा आवाज ऐकवेना एवढंच. आधी एक बोट लावलं, मग मूठ. मग बसलो आणि किल्ली फिरवली. आरशात झाड हलत होतं, गाडीने की माझ्याने, कळलं नाही. क्लच इतका हळू सोडला की मागून कुणी बघितलं असतं तर गाडी ढकलतोय असंच वाटलं असतं. दोन्ही पाय जमिनीला घासत कालव्यापर्यंत गेलो, तोंडाने काहीतरी पुटपुटत होतो, रामाचं नाव होतं की शिव्या, आठवत नाही. वळवताना गाडी कलली तेव्हा ‘मेलो’ म्हणून जोरात ओरडलो. कालव्यावर कपडे धुणाऱ्या बाईने वर बघितलं. पाय टेकला, गाडी थांबली, पडली नाही. तसाच घासत परत आलो. शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता.

आणि स्टँड लावल्यावर मी काय केलं माहीत आहे? पळालो. हे शरीर घेऊन, चपला दारात भिरकावून, सरळ स्वयंपाकघरात. तू ठीक आहेस ना, ते बघायला. आई, खरंच. शप्पथ मोडली होती ना मी. ओट्यापाशी पाठमोरी मावशी होती, भाकरी थापत. तिने वळून बघितलं आणि म्हणाली, “काय रं? काय झालं?” मी उंबऱ्यातच खाली बसलो आणि म्हटलं, “काही नाही. सोड.” तिने पिठाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला, ‘सुटली’ म्हणाली आणि डोळे पुसले.

उद्या सोमवार. गाडी आधीच चालवून आलो होतो, हे मी तिला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आणि दुसरं जे आहे ते तर कुणालाच सांगता येणार नाही, सांगितलं तर म्हणतील वेड लागलंय, बाई जाऊन इतकी वर्षं झाली. तू गेलीस हे मला काल कळलं.