घोड्याचा पासपोर्ट आणि माझं अध्यक्षपद

२ एप्रिल, सकाळी ७.००
आजपासून रोज लिहायचं. घोडेस्वारी फेडरेशनचा सचिव म्हणून बावीस वर्षं झाली. आता आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियम समितीचं अध्यक्षपद. मतदान २४ला. सत्तेचाळीसपैकी तीस मतं खिशात आहेत. भाषणाचा विषय ठरला: ‘आधी स्वार, मग आपण’.

५ एप्रिल
ताईचा फोन. भाची जागतिक स्पर्धेसाठी पात्र ठरली. तिचा अर्ज आणि घोड्याचा पासपोर्ट आमच्या ऑफिसातून पंधरा तारखेच्या आत जायला हवा. (घोड्याला पासपोर्ट असतो, हे बायकोला अजून खरं वाटत नाही.) ताईला म्हटलं, मामा सचिव असताना काळजी कसली? कागद समोरच आहेत. उद्या पाठवतो.

९ एप्रिल
भाषण चाळीस मिनिटांचं झालं. बायकोला वाचून दाखवलं. घोडा त्यात कुठे आहे, असं तिने विचारलं. शोधला. एकदाच सापडला, तोही ‘घोडदौड’मध्ये. माझी मांडणी धोरणात्मक आहे. तिला नाही कळायचं.

१४ एप्रिल
भाचीचा फोन. अर्ज गेला का? प्रक्रिया सुरू आहे, असं सांगितलं. म्हणजे फाईल टेबलावर आहे. टायचा निर्णय होत नाही. निळा की मरून?

१६ एप्रिल, दुपारी ३.२०
घात झाला. मुदत काल रात्री संपली. वेबसाइट अर्ज घेत नाही. क्लार्क रजेवर, स्कॅनर कुठे सापडेना. (माझ्या भाषणाच्या प्रतींखाली निघाला.) एकट्या माणसाने काय काय बघायचं? महासंघाला सवलत मागणारं कडक पत्र धाडलं.

१७ एप्रिल
उत्तर आलं. कलम नऊ, कोणत्याही कारणास्तव सवलत नाही. इतकं निर्दय कलम लिहिलं कोणी, असं मी विचारलं. तिथल्या बाईंनी जुन्या बैठकीचं इतिवृत्त पाठवलं. मसुदा माझाच होता. टाळ्या पडल्याचीही नोंद आहे.

१८ एप्रिल
ताईला सांगितलं. यंत्रणेतल्या त्रुटी समजावत होतो. ती मध्येच म्हणाली, “म्हणजे तू पाठवलाच नाहीस.” मग एवढंच बोलली, की पोरगी चार वर्षं पहाटे साडेचारला उठतेय. हे मला कोणी कळवलंच नव्हतं.

२४ एप्रिल
माझ्याविरुद्ध घोड्यांचा डॉक्टर उभा होता. तीन मिनिटं बोलला. मला बाराव्या मिनिटाला थांबवलं. मला चार मतं पडली. फेरमोजणी मागितली. तीन निघाली.

२७ एप्रिल, संध्याकाळ
तबेल्यात गेलो. दिलगिरीचे तीन परिच्छेद पाठ केले होते. भाची घोड्याला खरारा करत होती. माझ्याकडे बघून तिने दुसरा ब्रश पुढे केला. परिच्छेद राहिले, मी ब्रश घेतला.

घोड्याची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराने तिला हळूच विचारलं, हे ते फेडरेशनचे साहेब का?

“नाही,” ती म्हणाली. “मामा आहे माझा.”

घोड्याचं अंग गरम असतं. बावीस वर्षांत आज पहिल्यांदा हात लावला. कोट काढून तासभर खरारा केला. एक अख्खी बाजू झाल्यावर मोतद्दार म्हणाला, “मामा, केसांच्या उलट्या दिशेने मारलात.”

पुन्हा सुरू केलं.