लीलाच्या पोरीचं पाणी

१० जाने. ७१
धाकटी बहीण लीला पहिल्या बाळंतपणाला आलीय. तिची पोर वीस दिवसांची, आज ओठ निळे. आई म्हणते, "थंडी बाधली." खोलीत शेगडी. शेगडीनं काय डोंबल होतंय! अंगावरचं पुरत नाही, म्हणून डब्याचं दूध. त्याला पाणी माझ्या गाळणीचं. तीन मडकी, खडी-वाळू-कोळसा. वर मी ते पंधरा मिनिटं उकळतो. आळीतल्या चार घरांना मीच शिकवलंय.

११ जाने.
राहात्याला डॉक्टरकडे. निळ्या पोरीला निळंच इंजेक्शन! तासाभरात गुलाबी झाली. मग मला फैलावर घेतलं. "मास्तर, विहीर कुठंय?" उसाच्या बांधाला, उकिरड्याच्या खालच्या अंगाला. "खताचं नायट्रेट उतरलंय. त्यानं तान्ह्याचं रक्त निळं पडतं. कोळसा ते धरत नाही. उकळून तुम्ही आणखी कडक केलंत."
पाण्यात विरघळलेलं मीठ गाळून निघत नाही, हे आठवीला दरवर्षी मीच शिकवतो. गाढव आहे मी. चारही घरी जाऊन सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "पानी तर काचेवानी हाय की वो!"

१२ जाने.
आमच्या अन् शाळेच्या विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या प्रयोगशाळेला. तोवर शाळेच्याच विहिरीचं पाणी (माळावर ना शेत, ना उकिरडा), सायकलवर कळशी. लीला म्हणाली, "दादा, मी सासरी जाते." आई उसळली. "तिसरा म्हैना भरल्याबिगर लेक धाडत्यात व्हय? लोक त्वांडात शेन घालतील."

२ फेब्रु.
उत्तर आलं. शाळेची विहीर चांगली, आमची वाईट. तिथल्या साहेबांनी खाली लिहिलंय: लाकडाचा भुसा पिंपात गच्च भरा, पाणी तळातून सावकाश चढू द्या, हवा लागू नये. भुशावरचे जंतू नायट्रेट खातात.
सुताराकडून तीन पोती आणली. आई : "आता भुसा पाजनार लेकराला?"

२० फेब्रु.
पिंपाचं पाणी चहासारखं होतं, आता निवळलंय. बाटली धाडली. गुडघे लई दुखतात, माळाचा चढ.

१ मार्च
नायट्रेट जवळजवळ नाही! दोनदा वाचलं. पिण्याजोगं आहे असं मात्र कुठं लिहिलेलं नाही.
आईच म्हणाली, "मग दे की पोरीला. किती दिवस सायकल हानशील?" लीलानं दुधाची रिकामी बाटली माझ्यापुढं धरली, "दादा, तू म्हणशील तसं."
बाटली घेतली. पिंपाशी उभा राहिलो. तोटी सोडवेना. गाळणीचंही काचेसारखंच होतं.
कळशी बांधून माळावर गेलो. उद्याचं उद्या.