चार मालक आणि महेबूब मोटार वाइंडिंग

वसमत, मंगळवार

आदरणीय नजमुन्निसा फुफी,

तुमच्या भाचीचा, गुलनाजचा, अदबीचा सलाम. इकडे सगळे खुशाल आहोत. अम्मीचा खोकला गेला, तो आता शेजारणीकडे आहे. तुमचा गुडघा कसा आहे? नांदेडला तुमच्या गल्लीतला रस्ता अजून खोदलेलाच आहे का? (असेल तर गुडघ्याला घरी बसायचा बहाणा मिळतो, म्हणून विचारलं.) तुमचं पोस्टकार्ड पोचलं. लोक लग्नाचं आमंत्रणही मोबाइलवर ढकलून मोकळे होतात, आणि तुम्ही उत्तर कागदावर, मराठीत, ऱ्हस्व-दीर्घ तपासून मागता. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तुम्ही रिटायर झालात, ही बातमी मला आजही अफवाच वाटते.

कार्डात तुम्ही लिहिलंय की इंजिनिअर झालेल्या पोरीने आधी मालकाचा प्रकार निवडावा, मग नोकरी. प्रकारही पाडून दिलेत: मोठी कंपनी, नवी छोटी कंपनी, सरकार आणि गावातला कारखानदार. खाली सूचना, 'प्रत्येकाचे गुण व दोष लिहून कळव.' फुफी, डिग्री जूनमध्ये मिळाली, दिवाळी होऊन गेली, आणि गुणांचा रकाना माझ्याकडे अजून कोरा आहे. तेव्हा दोषच लिहिते, त्यांना जागाही जास्त लागते.

पुण्याच्या मोठ्या कंपनीपासून सुरू करते, कारण तिने मला घेतलंय. हुरळून गल्लीत पेढे वाटू नका, आमच्या कॉलेजातून तिने दोनशे जण उचललेत. कुणाला काय येतं हे पाहायला त्यांना वेळ नव्हता. चार वर्षं मी विजेचं शिकले. तिथे विजेशी संबंध दिव्याच्या बटणापुरता. कुठल्या तरी परदेशी दुकानाच्या संगणकात चूक कुठे आहे ती शोधायची, आणि तसं काम मिळेपर्यंत बाकावर बसायचं. याला ते खरोखरच 'बेंच' म्हणतात. (चौथीत तुम्ही मला बाकावर उभं केलं होतं. इथे बसायचं आणि वर पगार घ्यायचा, एवढी प्रगती आहे.) शिवाय तीन वर्षांचा करार, आधी सोडलं तर दंड. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतेस? मी म्हटलं, तुमचा करार संपून दोन वर्षं झाली असतील, म्हणजे दुसरीकडे. त्या हसल्या आणि पुढचं नाव पुकारलं. त्यांना शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

नव्या छोट्या कंपनीत तीन माणसं होती आणि तिघंही संस्थापक. म्हणजे काम करणारी मीच पहिली. मुलाखत मोबाइलवर झाली, साहेबांच्या मागे दोरीवर टॉवेल वाळत होता. 'आम्ही कंपनी नाही, फॅमिली आहोत,' असं ते म्हणाले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. फॅमिलीत भांडी घासल्याचा पगार कुणी कुणाला दिलाय? मी पगाराचं विचारलं तर म्हणाले, पैशापेक्षा ध्यास महत्त्वाचा. माझ्यात ध्यास आहे का हे त्यांनी चार वेळा विचारलं, ट्रान्सफॉर्मरबद्दल एकदाही नाही. पद मात्र लगेच दिलं: विद्युत विभाग प्रमुख. विभागात मी एकटी आणि माझ्यावर देखरेख करायला मीच. पुढच्या आठवड्यात फोन केला तर नंबर बंद. टॉवेल वाळला असावा.

सरकार हा मालक फार थोर आहे, पण तो भेटत नाही. आपल्या समोरच्या घरातल्या विश्वंभरला आठवतं का? माझ्यासारखाच इंजिनिअर, तो सात वर्षं 'तयारी करून राहिला' आहे. जागा निघतात, मग परीक्षा पुढे जाते, मग पेपर फुटतो, मग कुणीतरी कोर्टात जातं, आणि विश्वंभर पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो. दर श्रावणी सोमवारी तो औंढ्याला जातो; नागनाथालाही एव्हाना त्याचा बैठक क्रमांक पाठ झाला असेल. मी सल्ला विचारायला गेले तर त्याने मला राज्यातल्या सगळ्या धरणांची नावं म्हणून दाखवली. त्याच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, 'काय गं, कुठं साधी नोकरी असली तर सांगशील का याच्यासाठी?' मी तेव्हा हसले नाही, आणि आता लिहितानाही हसत नाही.

राहिले गावातले कारखानदार. हळदीचे व्यापारी रामप्रसादशेठ यांच्या पॉलिशच्या कारखान्यात मी चार दिवस होते. पहिल्या दिवशी ड्रमची मोटार तपासली. दुसऱ्या दिवशी बिलं बनवली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या नातीला अपूर्णांक शिकवले. चौथ्या दिवशी शेठच्या मेहुण्याची चिठ्ठी घेऊन एक गृहस्थ आले आणि इंजिनिअरच्या खुर्चीत बसले. पाना कशाला म्हणतात आणि पक्कड कशाला, हे मी त्यांना दाखवलं आणि घरी आले. वशिल्याच्या तट्टांचा मला मनापासून तिटकारा आहे, हे तुम्ही दोषांच्या रकान्यात ठळक अक्षरात लिहून घ्या.

आता तुमच्या यादीत नसलेला पाचवा मालक. माझी समजूत अशी की सगळीकडे फसले तरी अब्बांचं मोटारी भरायचं दुकान आहेच; तिथे कोण मुलाखत घेतो? शिवाय मला तिथलं काम आवडतं, हे कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नव्हतं. मागच्या महिन्यात सांगितलं. अब्बा घरात आपल्या दखनीत बोलतात आणि गिऱ्हाइकाशी मराठीत, तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी मला मराठीत उत्तर दिलं. तिथेच मी ओळखलं की मुलाखत सुरू झाली. 'डिग्री घरी ठेव. हट्ट्याच्या किसनरावची मोटार जळाली, ती भरून दाखव.'

जळालेली तार काढून नवी भरायला मला दोन दिवस लागले. बोटं सोलली, पण एक वेढा चुकला नाही, तीनदा मोजला. अब्बांनी मोटार चालू केली, तिच्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, 'घरघर करून राहिली. उघड.' मी म्हटलं, कसली घरघर? 'तुला ऐकू येऊन न्हाई राहिली? मग तुझा कानच तयार न्हाई. पुण्याला जा.' मी उघडली, पुन्हा भरली. पुन्हा घरघर. किसनराव ताटकळत बसले होते, ते उठले. 'महेबूबभाई, तिकडं गहू सुकून राहिला. मोटार घरघर करू द्या न्हाई तर गाणं म्हणू द्या, मी घेऊन चाललो.' आणि घेऊन गेले. अब्बांनी माझ्याकडे न पाहता दाराला पाटी लावली: 'कारागीर पाहिजे'. फुफी, आपल्या खानदानात बापाने नोकरी नाकारलेली मी पहिलीच असेन. मला राग आला, रडूही आलं, आणि दोन्ही मी दुकानाबाहेर अब्बांच्या मोटारसायकलच्या मागे उभं राहून उरकलं.

असो. हे झाले मालकांचे प्रकार. अम्मीचा सलाम. गुडघ्याला तिळाचं तेल लावत चला.

तुमची आज्ञाधारक,
गुलनाज
(विद्युत इंजिनिअर, सध्या घरी)

ता. क. वशिल्याच्या तट्टांबद्दल वर जे लिहिलं ते कृपया खोडून टाका. या दुनियेत अब्बा फक्त मोठ्या बहिणीचं ऐकतात. बापाच्या दुकानात चिकटायला फुफीचा वशिला लावावा लागतोय, पण लाज बाजूला ठेवून मागते: माझ्यासाठी एक शब्द टाका.

ता. क. दुसरा. तो शब्द राहू द्या, नंतर टाका. आधी हे वाचा. मी परवा हट्ट्याला जाऊन आले. किसनरावांची मोटार झकास चालू आहे, काहीही आवाज नाही. दिवाळीपासून अब्बांना प्रत्येक मोटारीत घरघर ऐकू येते. चांगल्या भरलेल्या मोटारी ते पुन्हा उघडतात, स्वतःच्या हातच्यासुद्धा, आणि गिऱ्हाइकं आता दुसरीकडे जाऊ लागलीत. गेल्या जुम्म्याला दुकान बंद करताना, एकही मोटार चालू नसताना, त्यांनी मला विचारलं, 'कौनसी चालू रह गई गे?' घरघर मोटारीत नाही, फुफी, त्यांच्या कानात आहे. मला फार भीती वाटते. कानावर जगणाऱ्या माणसाला हे मी कोणत्या तोंडाने सांगू? तुमच्या गुडघ्याचा बहाणा करून त्यांना नांदेडला बोलवा आणि कानाच्या डॉक्टरकडे न्या. पुण्याला मी शुक्रवारी 'नाही' कळवते आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. त्यांना फोन करू नका, कार्डच टाका. फोनवर हल्ली ते प्रत्येक गोष्टीला 'हौ' म्हणतात आणि ठेवून देतात. परवा मीच घरून फोन लावून विचारलं, मला दुकानात ठेवता का? 'हौ' म्हणाले. मी चप्पल घालून पळत दुकानात गेले, तर त्यांना मी फोनवर काय विचारलं त्याचा पत्ताच नव्हता. घरापासून दुकान दहा मिनिटांवर आहे. तेवढा वेळ मी नोकरीला होते.